वाचकांचे प्रश्न : वॅगन घेताना आधी मागून बघा

प्रश्न (विटा) : 1995 ची टाटा इस्टेट (मागे सामानापर्यंत लांब छत असलेली वॅगन) मिळते आहे. सकाळी पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर पांढरा धूर ओकत चालू होते. घ्यावी का? सुटे भाग मिळतील का?

उत्तर : इंजिनाला घाबरून सोडू नका. हे 483 डिझेल, म्हणजे 4 सिलिंडर, 83 मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), 1948 सीसी. सुरुवातीच्या सुमोतही हेच घराणं होतं. सुमोवर हात बसलेले फिटर सांगली जिल्ह्यात आजही सापडतात आणि सामानही निघतं.

तुम्ही सांगता ती लक्षणं बहुधा बिघडलेल्या हीटर प्लगची, म्हणजे गार इंजिन तापवणाऱ्या विजेच्या कांडीची आहेत. प्रीचेंबरचं (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटवणारं) इंजिन गार असताना प्लग तापल्याशिवाय डिझेल धड पेटत नाही. न जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. चारही प्लग जोडणारी पट्टी काढा आणि मल्टिमीटरने एकेक प्लग बॉडीशी तपासा. चांगला प्लग साधारण 1 ओहमच्या आसपास दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. चारही ठीक निघाले तर पट्टीपर्यंत करंट येतो का बघा. अनेकदा रिले (प्लगना करंट सोडणारा स्विच) गेलेला असतो. दोन्ही ठीक असूनही धूर येत असेल तर मात्र कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) मोजल्याशिवाय बयाणा देऊ नका.

खरी परीक्षा मागच्या अर्ध्या भागाची. पुढून ही टाटामोबाइल पिकअपची बहीण, त्यामुळे तिकडचं काही ना काही जुळवता येतं. डिकीचं दार, मागच्या बाजूच्या लांब काचा आणि टेललॅम्प हे मात्र फक्त इस्टेटचे. या काचा टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या; टफन्ड काच नंतर कापता येत नाही, कापायला गेलात तर चुरा होतो. म्हणजे मोठ्या गाडीची काच आणून मापात बसवू हा विचार सोडा. मागची एखादी काच फुटलेली असेल तर बदली काच हातात आल्यावरच भाव बोला.

पातळ फडक्यात लोहचुंबक गुंडाळून डिकीच्या दाराच्या खालच्या कडेवरून आणि मागच्या चाकांच्या कमानीवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. गाडी सांगली-मिरज भागातली असेल तर 2005 आणि 2019 च्या पुराची शंका घ्याच. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. रंग पॉलिश होतो, गालिचा बदलता येतो. पट्ट्याच्या गुंडाळीत आत सुकलेला गाळ धुवायचं मात्र कुणाला सुचत नाही.

आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. 15 वर्षांनंतरची पुनर्नोंदणी 5-5 वर्षांची असते, तिची मुदत किती उरली तेही बघा.

प्रश्न (तासगाव) : मोठी हॅचबॅक आणि वॅगन यांत फरक काय?

उत्तर : मागच्या दारामागे, सामानाच्या बाजूला आणखी एक काच आणि तिच्यामागे खांब, छत शेवटपर्यंत जवळपास सपाट, ती वॅगन. हीच गाडी इंग्रजांची इस्टेट, स्कोडाची कॉम्बी.

प्रश्न (सातारा) : टाटाची इंडिगो मरीना वॅगन, डिझेल. खंबाटकी घाट चढताना मागे बसणाऱ्यांना धुराचा वास येतो. सायलेन्सर नवा टाकला, फरक नाही.

उत्तर : सायलेन्सरचा दोष नसावा. चौकोनी पाठीच्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि बाहेर पडलेला धूर तिथेच घुटमळतो. खिडक्या उघड्या असल्या की तो फटीतून आत ओढला जातो.

फट शोधायला कागदाची पट्टी पुरते. ती बीडिंगवर (डिकीच्या कडेच्या रबरावर) ठेवून डिकी लावा आणि पट्टी ओढा. दर 15 सेंटिमीटरला हेच करा. पट्टी अडखळत निघाली तर ठीक, सुळकन निघाली तर तिथे फट. खालचे दोन कोपरे आधी बघा. रबर मऊ असूनही पट्टी सैल निघते? मग कुलपाचा खटका थोडा आत सरकवा. रबर कडक झालं असेल तर नवं लावा आणि जोड खालच्या मध्यभागी ठेवा, कोपऱ्यात नको. नंबर प्लेटच्या दिव्याची वायर जिथून जाते ते ग्रोमेट (भोकातलं रबरी कडं) ही तपासा, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

डिकी उघडी ठेवून पाइप, शिड्या नेणं बंद करा. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो.

टॅक्सी म्हणून मरीनाला नाकं मुरडतात, पण मागचं स्वतंत्र सस्पेन्शन भरल्या गाडीतही छान चालतं. सांभाळा.

प्रश्न (कराड) : मारुतीच्या बलेनो अल्टुरा वॅगनच्या डिकीचं दार डोक्यावर येतं. हुबेहूब गॅस स्ट्रट (दार उघडं धरणाऱ्या गॅसच्या दांड्या) मिळत नाहीत.

उत्तर : हुबेहूब लागत नाहीत. चार मापं घ्या : पूर्ण उघडल्यावर दोन्ही टोकांच्या मध्यांमधलं अंतर, दांडा किती आत जातो, टोकाला अडकवायच्या बॉलचा व्यास आणि नळकांड्यावर न्यूटनमध्ये छापलेला जोर. पहिली तीन जुळलीच पाहिजेत. जोरही छापलेल्या आकड्याच्या जवळचा घ्या. जास्त जोराचा लावला की दार पिळवटतं, कोपऱ्यात फट पडते आणि सातारकरांचा धूर तुमच्याकडे येतो.

बदलताना दाराला लाकडी टेकू द्या. दोन्ही एकदम बदला. दार बंद असताना दांड्याची बाजू खाली राहील असे बसवा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. उलटा बसवलेला लवकर गळतो. काढलेला स्ट्रट कापू किंवा तापवू नका. दार पेलत नसला तरी आत नायट्रोजन दाबाखाली उरलेला असतो.