दुकानात 36 देतात पण मागची पट्टी वर चढते, घरी ब्राचं बरोबर माप कसं घ्यायचं?

ताई, 36 तुम्हाला मोठी होत असणार, म्हणून पट्टी वर चढते, टेप घेऊन छातीच्या बरोबर खाली श्वास सोडून घट्ट माप घ्या आणि ते इंचात जे येईल तोच तुमचा नंबर, विषम आला तर पुढचा सम धरायचा. मग पॅड नसलेली ब्रा घालून छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरनं माप घ्या, टेप सैलसर आणि मागं खाली सरकू द्यायची नाही, आणि दोन्हीतला फरक बघा, त्यावरनं कप ठरतो:

1 इंच – ए
2 – बी
3 – सी
4 – डी

म्हणजे खाली 32 वर 35 तर 32 सी. बेळगावात खडेबाजारात मी ह्याच लाईनीत आहे, अजून बरेच जण खालच्या मापात 4 इंच मिळवून देतात, 32 चं 36 होतंय ते असं! नवी ब्रा शेवटच्या, म्हणजे सगळ्यात सैल हुकावर बसली पाहिजे, इलॅस्टिक नंतर सैल होतंच की. फक्त पाळीच्या आधी छाती जड होते तेव्हा माप घेऊ नका, आणि कंपनीगणिक थोडा फरक पडतो, 32 सी काचली तर 34 बी घालून बघा, कप तेवढाच असतो.