हौशी व्हिडिओ पत्रकार हवेत, म्हणजे चॅनेलला नेमकं काय हवंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवं चॅनेल येतंय, त्यांना हौशी तरुण पोरं-पोरी हवीत, मोबाइलवर बातमी शूट करून पाठवायची, अनुभवाची अट नाही, तर फॉर्म भरावा का? भरा की. पण हा खेळ नवा नाही, आधी एकदा कसा झाला ते बघा.

अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर आणि त्यांचे भागीदार जोएल हायट यांनी 2004 मध्ये एक चालू न्यूज चॅनेल विकत घेतलं आणि 1 ऑगस्ट 2005 ला त्याच्या जागी 'करंट टीव्ही' आणलं. पहिल्याच दिवशी सुमारे 2 कोटी घरांत. प्रेक्षक 18 ते 34 वयाचे धरलेले, आणि कार्यक्रमही त्यांनीच करायचे. काही मिनिटांच्या फिल्मला ते 'पॉड' म्हणत. लोक वेबसाइटवर पॉड चढवायचे, बाकीचे कौल द्यायचे, निवडलेला टीव्हीवर लागायचा आणि करणाऱ्याला पैसे मिळायचे. साधारण एक तृतीयांश वेळ असाच भरायचा.

मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते शिकवणं. नुसतं 'पाठवा, पाठवा' नाही, तर कसं करायचं तेही दाखवलं. रेडिओवाले आयरा ग्लास यांचे गोष्ट कशी सांगावी यावरचे व्हिडिओ त्यातूनच आले. यूट्यूबवर अजून सापडतात. त्यात ते स्वतःचीच जुनी टेप लावतात, तीही धंद्यात 8 वर्षं काढल्यानंतरची, आणि मध्येच थांबवून तिची सालं काढतात. फॉर्म भरण्याआधी ते बघाच.

आता दुसरी बाजू. मार्च 2009 मध्ये करंटच्या लॉरा लिंग आणि युना ली या पत्रकार चीन-उत्तर कोरिया सीमेवर पकडल्या गेल्या, 12 वर्षांची सक्तमजुरी झाली. ऑगस्टमध्ये सुटल्या, कारण खुद्द बिल क्लिंटन प्याँगयांगला गेले. त्या तर हौशी नव्हत्या, चॅनेलचीच माणसं होती. वाळूच्या ट्रकचं शूटिंग करताना तुम्हाला कुणी अडवलं, तर तालुक्याच्या ठाण्यात कोण येणार? हा प्रश्न मुलाखतीत बेधडक विचारा. उत्तर 'बघू' आलं तर समजून जा.

पुढे करंट राजकीय चर्चांकडे वळलं, जानेवारी 2013 मध्ये अल जझीराने ते घेतलं (किंमत सुमारे 50 कोटी डॉलर सांगितली गेली) आणि त्याच ऑगस्टमध्ये करंट बंद झालं. चॅनेलचं धोरण फिरलं की हौशी माणसाला आधी नारळ मिळतो. म्हणून कच्चं फुटेज कधी एकाच जागी ठेवू नका आणि मूळ प्रत स्वतःकडे असू द्या.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर गोव्यातून चालणारी 'व्हिडिओ व्हॉलंटिअर्स' ही संस्था बघा. त्यांनी 2010 मध्ये 'इंडियाअनहर्ड' सुरू केलं. गावातल्या, वस्तीतल्या माणसाला ट्रेनिंग द्यायचं, व्हिडिओमागे मानधन द्यायचं, आणि व्हिडिओमुळे काम झालं तर वर आणखी. शेवटी अधिकाऱ्याचा फोन नंबर देऊन प्रेक्षकांना सांगतात, लावा फोन! नळाला पाणी नाही अशा बातमीला याहून चांगला शेवट मला तरी माहीत नाही.

बाकी तुमच्या फॉर्मबद्दल. दर बातमीमागे की महिन्याला, आणि न लागलेल्या बातमीचं काय, हे लेखी घ्या. जिल्ह्याजिल्ह्यातले स्ट्रिंजर, म्हणजे पगारावर नसलेले, बातमीमागे पैसे घेणारे वार्ताहर, 'लागली तरच पैसे' या एका वाक्यावर किती झिजलेत, कुणालाही विचारा. बूम (चॅनेलचं नाव लावलेला माइक) आणि ओळखपत्राच्या नावाखाली डिपॉझिट मागितलं तर मात्र उठून या. ते चॅनेल नव्हे, कार्ड विकायचं दुकान.

करारात 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं काही असेल तर तो परिच्छेद चॅनेलचं नाव खोडून इथे टाका, बघून सांगतो.