लाळ मोजता येते

“साखर ठीक, थायरॉइड ठीक, मग हे माझ्या मनाचेच खेळ म्हणायचे का?” असे विचारत एक निवृत्त शिक्षिका आमच्या दंतविभागातील समुपदेशन कक्षात आल्या. चार महिन्यांपासून भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नव्हता, रात्री जीभ टाळूला चिकटून जाग येत होती आणि घरचे ‘पाणी जास्त पी’ एवढेच सांगत होते.

तोंड कोरडे वाटणे आणि लाळ खरोखर घटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी बाईंना आधी सांगितले. लाळ पुरेशी असूनही कोरडेपणा जाणवू शकतो. म्हणून मोजायचे ते तक्रार खोटी पाडण्यासाठी नव्हे, तर कारणाचा माग काढण्यासाठी. डॉक्टरांच्या तपासणीत छोटा आरसा गालाला आतून चिकटत होता, आणि जिभेखाली एरवी साचणारी लाळ जवळजवळ नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दीड तास काहीही न खाता-पिता, मान किंचित पुढे झुकवून, न गिळता, तोंडात येईल तेवढी लाळ खुणांच्या नळीत सोडायची होती. “जन्मभर पोरांना थुंकू नका म्हणून दटावले, आणि आता मीच!” बाई ओशाळल्या. मी पडदा ओढून बाहेर थांबले. संकोचाने आवंढा गिळला गेला तर आकडा चुकतो, त्यामुळे हा पडदा मला नळीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

१५ मिनिटांत १.२ मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला ०.०८. मिनिटाला ०.१ मिलिलिटर किंवा त्याहून कमी प्रमाण हे लाळ घटल्याचे लक्षण मानतात. मेण चघळायला दिल्यावर मात्र ५ मिनिटांत ५ मिलिलिटर लाळ आली. ग्रंथी शाबूत होत्या, त्यांना कोणीतरी दाबून ठेवले होते.

उत्तर औषधांच्या पिशवीत सापडले. अर्धशिशीसाठी पाच महिन्यांपूर्वी सुरू झालेली अमिट्रिप्टिलीन, आणि त्यात भर म्हणून दुकानातून परस्पर आणलेली सर्दीची गोळी. डोळ्यांत खुपणे किंवा सांधेदुखी नसल्याने श्योग्रेन आजाराच्या (यात शरीराची प्रतिकारशक्तीच लाळ व अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते) तपासण्या डॉक्टरांनी तूर्त थांबवल्या. “मग आजच बंद करते,” असे बाई म्हणताच मी त्यांना अडवले आणि मूळ डॉक्टरांच्या नावे आकड्यांसह चिठ्ठी दिली. त्यांनी मात्रा कमी केली, सर्दीची गोळी सुटली. दोन महिन्यांनी त्याच नळीत २.७ मिलिलिटर लाळ जमली. भाकरीबरोबर ताकाची वाटी मात्र बाई अजून जवळ ठेवतात.