गावातल्या सरकारी रस्त्याच्या कामावर ठेकेदाराने बाहेरची टोळी आणली, तर गावकऱ्यांना काम मागता येतं का?

तुम्ही लिहिलंय की खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावात पंचायतीमार्फत काँक्रीटचा रस्ता होतोय, ठेकेदाराने रायचूरकडची टोळी आणलीय आणि गावातले गवंडी-बिगारी घरी बसून आहेत. मराठी म्हणून डावललं असेल का, असंही विचारलंय. मी बेळगाव भागात बांधकाम मजुरांचे अर्ज भरून देते, तेवढ्या अनुभवावर सांगते.

आधी पैसा कुठला ते काढा. काम रोजगार हमीतलं असेल, तर तिथे ठेकेदार लावताच येत नाही. जॉब कार्डवर ‘नमुना 6’ भरून काम मागायचं, 15 दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता. डिसेंबर 2025मध्ये मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर झाला. त्यात 100चे 125 दिवस झाले आणि खर्चाचा 40 टक्के भार राज्यावर आला, पण 15 दिवसांची अट त्यातही आहे. मात्र तारखेची पोच हवीच. ‘ठेवून जा, बघतो’ म्हटलं की बायका अर्ज टेबलावर ठेवून परत येतात, आणि महिन्याने विचारलं तर अर्जच आला नव्हता म्हणतात. सही, शिक्का, तारीख हातात पडल्याशिवाय पंचायतीची पायरी उतरू नका.

तुमचा रस्ता बहुतेक टेंडरचा असावा. पंचायतीला मिळणाऱ्या 15व्या वित्त आयोगाच्या पैशातला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, रस्ते वगैरे उरलेल्या 40 टक्क्यांतून. अशा कामावर गावच्याच माणसाला घ्या, अशी सक्ती ठेकेदारावर करता येत नाही. टेंडर कायद्यात राखीव जागा आहेत त्या अनुसूचित जाती-जमाती आणि काही मागास प्रवर्गांच्या ठेकेदारांना, मजुरांना नाहीत.

आणि ‘स्थानिकांनाच काम’ ही मागणी आपण सीमाभागातल्यांनी फार जपून करावी. जुलै 2024मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणारं विधेयक मंजूर केलं होतं, विरोध झाल्यावर ते थांबवलं. त्यात स्थानिक म्हणजे राज्यात जन्मलेला, 15 वर्षं राहिलेला, आणि कन्नड बोलता-वाचता-लिहिता येणारा. चौथीत शाळा सोडलेला आपल्या गावचा गवंडी त्यात बसला असता का?

मराठी म्हणून कुणी डावलत नाही, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या कामावर कारण मला वेगळं दिसतं. ठेकेदाराला उचल दिलेली टोळी हवी असते. ती पत्र्याच्या शेडमध्ये राहते, अंधार पडला तरी काम सोडून घरी जात नाही, आणि भाताची रोप लावणी आली म्हणून शेताकडे वळत नाही. वर हजेरी, म्हणजे रोजची मजुरीही, तिला कमी द्यावी लागते. त्या माणसांशी भांडून तुम्हाला काम मिळणार नाही. त्यांना किमान वेतन मिळतंय का, हे विचारा. त्यांची हजेरी कायद्याप्रमाणे झाली, की स्वस्त पडते म्हणून टोळी आणण्यात ठेकेदाराचा फायदा उरत नाही. आणि तीही आपल्यासारखीच राबणारी माणसं आहेत, त्यांची मजुरी बुडू नये हे मला मनापासून वाटतं. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी काम देणाऱ्या कार्यालयावर येते, हे त्यांनाही सांगा. गेल्या 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केलेल्या, 18 ते 60 वयाच्या कुणालाही बांधकाम कामगार कल्याण मंडळाचं कार्ड काढता येतं. बांधकाम खर्चाचा 1 टक्का सेस (उपकर) त्यासाठीच कापतात.

माहिती अधिकारात हजेरीपट, कराराची प्रत आणि मोजणीचं पुस्तक मागा. फी 10 रुपये. कर्नाटकात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो, लांबला की परत येतो. वेतनाची तक्रार मराठीतूनही देता येते, राज्यघटनेच्या कलम 350ने तो हक्क दिलाय. तरी मी सोबत कन्नड प्रत जोडते, नाहीतर अर्ज फायलीत पडून राहतो.

ऑगस्ट-सप्टेंबरात पंचायतीची जमाबंदी होते. त्या दिवशी हिशेब सगळ्यांसमोर उघडतात आणि झालेली कामंही जागेवर जाऊन बघतात. गावातल्या गवंड्यांनी दोघं-चौघं मिळून जावं आणि पीडीओंसमोर (पंचायत विकास अधिकाऱ्यांसमोर) हजेरीपटावरची नावं मोठ्याने वाचायला लावावीत.