लेक एक्सचेंजला फुकुईला चाललीय, तिला काय सांगून पाठवू?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंनी विचारलंय, लेक पंधरा वर्षांची, एक्सचेंजमधून दहा दिवस जपानला फुकुईला चाललीय, तिथल्या एका कुटुंबात राहायचंय, घरात पूर्ण शाकाहार, मुलगी लाजाळू, तर तिथे जे काय करायला सांगतील त्यातलं काय करू दे आणि काय नको.

ताई, आधी अभिनंदन! न्यू ब्रन्सविक आणि फुकुई 1982 पासून सिस्टर सिटी आहेत, म्हणजे तुमच्या शेजारच्या गावाचंच नातं आहे हे.

आमचा मुलगा जपानला असाच गेला होता तेव्हा निघेपर्यंत मी त्याला हे खाऊ नको, ते करू नको एवढंच सांगत बसले आणि पोराने पहिले तीन दिवस नन्नाचा पाढा लावला, त्या घरची आई रोज काहीतरी हौसेने ठरवायची आणि हा नको म्हणायचा. मला त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून म्हणते, खरंच चालणार नाही अशा दोन-तीनच गोष्टी घरी बसून ठरवा, त्या लोकांना आधी कळवा, आणि बाकी सगळ्याला हो म्हण असं लेकीला सांगा.

त्यातली पहिली जेवणाची. नुसतं "शाकाहारी" लिहिलंत तर ते मटण-चिकन काढतील पण मिसो सूपमधलं दाशी, म्हणजे सूपचं मूळ पाणी, तसंच राहील, आणि ते बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाच्या किसाचं असतं, त्यांना तो मासा वाटतच नाही. तर जपानीत स्पष्ट लिहून घ्या, मांस नको, मासा नको, माशाचं दाशी पण नको, कोंबू या समुद्री शेवाळाचं चालेल. सोबत मेतकूट द्या, तिथला भात मऊ चिकट असतो, त्यावर मस्त लागतं आणि यजमानांनाही चाखायला देता येतं.

दुसरी अंघोळ. याने मुलं फार गांगरतात. टबाच्या बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून अंग पूर्ण धुवायचं, साबणाचा फेस जाईपर्यंत, मग गरम पाण्यात नुसतं बसायचं. ते पाणी घरातले सगळे एकामागून एक वापरतात आणि पाहुण्याला बरेचदा पहिला नंबर देतात, त्यामुळे उठल्यावर बूच काढून पाणी सोडायचं नाही! ओनसेनला म्हणजे गरम झऱ्यावर नेलं तर बायकांचं वेगळं असतं पण कपडे अजिबात घालत नाहीत, हे आधीच सांगा, आणि पाळी असेल तर जायचं नाही हेही. तिला नाही वाटलं तर नाही म्हणू दे, तेवढा हक्क तिचा आहे.

बाकी काय करायला मिळेल म्हणाल तर माझ्या मते एचिझेन भागातला हाताने बनवायचा कागद सगळ्यात भारी. फुकुईतच आहे, दीडेक हजार वर्षांची परंपरा सांगतात. कोझो झाडाच्या सालीचे धागे पाण्यात सोडतात आणि त्यात तोरोरो-आओई नावाच्या झाडाच्या मुळाचा चिकट रस घालतात, हे झाड आपल्या भेंडीचं नातेवाईक, भेंडी चिरताना हाताला येते ना तशीच तार सुटते, आणि त्या बुळबुळीतपणामुळे धागे तळाशी न बसता सगळीकडे सारखे पसरतात. मग चौकट बुडवून उचलायची आणि हलवत राहायची. पहिला कागद एका बाजूला जाड होतो, होऊ दे, दुसरा करू दे. असे दोन-तीन कागद आणले तर दिवाळीत आकाशकंदिलाला लावा.

एइहेइजीला नेलं तर जरूर जाऊ दे. 1244 सालचा झेन बौद्ध मठ आहे, भिंतीकडे तोंड करून ध्यानाला बसवतात, डुलकी लागली तर खांद्यावर लाकडी पट्टी बसते, ती शिक्षा नसते, घाबरायचं नाही एवढं सांगून ठेवा. मठातलं जेवण पारंपरिकच बिनमांस-माशाचं असतं, तिळाचं तोफू तिने नक्की खाऊन बघावं.

आणि ताई, रोज रात्री व्हिडिओ कॉल नको हो. जेवणानंतर ते सगळे एकत्र बसलेले असतात तेव्हाच आपला फोन वाजतो आणि पोरगी उठून खोलीत जाते. दोन दिवसांनी एकदा, वेळ तिला ठरवू दे.

जेवणाचं पत्र मात्र निघायच्या किमान दोन आठवडे आधी पाठवा.