वाचकांचे प्रश्न : किलिमांजारोला कोणत्या वाटेने जावे?

प्रश्न : आम्ही मुलुंडचे चार मित्र, वय ४० ते ५२, अनेक वर्षे सह्याद्रीत नियमित भटकंती करतो. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट हे सारे कोणालाही विशेष त्रास न होता झाले आहे. आता आफ्रिकेत, टांझानियातील किलिमांजारो पर्वतावर जायचे पक्के केले आहे. एका सहल कंपनीने पाच दिवसांचा मरांगू मार्ग ‘सर्वांत सोपा आणि स्वस्त’ म्हणून सुचवला, दुसरीने सात दिवसांचा मचामे, तर तिसरीने आठ दिवसांचा लेमोशो. दरांत बरीच तफावत आहे. तब्येती ठणठणीत असताना जास्तीच्या दिवसांचे पैसे मोजावेत का?

उत्तर : होय, मोजावेत. काटकसर करायचीच असेल तर ती अन्य कोठेही करावी, दिवसांत करू नये. आपल्या पायांविषयी मला शंका नाही, परंतु या पर्वतावर घोडे अडते ते बहुधा पायांपाशी नाही, तर विरळ हवेपाशी. आणि विरळ हवेची सवय सह्याद्रीत कितीही फिरलो तरी होत नाही. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे, तर मरांगूचे प्रवेशद्वारच १,८०० मीटरच्या वर आहे. उहुरू हे सर्वोच्च टोक ५,८९५ मीटरवर असून तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो.

उंचावर गेल्यावर श्वास आपोआप जलद होतो, त्यामुळे रक्ताची आम्लता बदलते आणि तो बदल सावरून घेण्याचे काम मूत्रपिंडे सावकाश, काही दिवस घेऊन करतात. व्यायामाने हे काम लवकर उरकत नाही. उलट, दमदार माणूस भरभर चढतो आणि म्हणूनच अधिक लवकर आजारी पडू शकतो. यासाठी गिर्यारोहण वैद्यकाचा सर्वमान्य संकेत असा आहे की, ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. खरे सांगायचे तर किलिमांजारोची कोणतीही रूढ वाट हा संकेत पूर्णपणे पाळत नाही. त्यामुळे तो कमीत कमी मोडणारी वाट शोधणे, एवढाच निवडीचा प्रश्न उरतो.

या कसोटीवर मरांगूकडे पाहा. मंडारा २,७२० मीटर, होरोंबो ३,७२० मीटर, किबो ४,७२० मीटर, असे तिचे तीन मुक्काम आहेत. प्रत्येक रात्र आदल्या रात्रीपेक्षा हजार मीटर वर! पाच दिवसांच्या कार्यक्रमात तिसऱ्याच रात्री, झोप लागते न लागते तोच, मध्यरात्रीच्या सुमारास किबोहून शेवटच्या चढाईला निघावे लागते. तिथून विवराच्या काठावरील गिलमन्स पॉइंटपर्यंत साडेनऊशे मीटरच्या आसपास सरळ चढ आहे, तोही घसाऱ्याचा. पहिल्या दोन दिवसांचा मंद चढ पाहून या वाटेला सोपी म्हणण्याचा प्रघात पडला आहे, आणि मला तो घातक वाटतो.

मचामेची रचना वेगळी आहे. तिसऱ्या दिवशी सुमारे ४,६०० मीटरवरील लाव्हा टॉवरपर्यंत चढून, तेथे थोडा वेळ थांबून, ३,९५० मीटरच्या आसपास असलेल्या बरांकोला उतरून झोपायचे असते. दिवसा उंचावर जाऊन रात्री खाली उतरल्याचा शरीराला मोठा लाभ होतो. त्या दुपारी डोके जड होणे, जेवण नकोसे वाटणे हे अनेकांना होते आणि खाली उतरल्यावर बहुधा ओसरते. ओसरले नाही, तर मार्गदर्शकाला ताबडतोब सांगावे, लपवू नये. दुसऱ्या दिवशी बरांकोची भिंत लागते. छायाचित्रांत ती उभी कातळकडा दिसते, पण प्रत्यक्षात हातांचा आधार घेत चढण्याचे कातळटप्पे आहेत आणि दोर लागत नाही. नळीची वाट केलेल्यांना तिची धास्ती वाटण्याचे कारण नाही. मात्र सात दिवसांचाच कार्यक्रम घ्यावा. सहा दिवसांच्या मचामेमध्ये करांगाचा मुक्काम गाळून बरांकोहून एका दमात शिखराखालचा शेवटचा मुक्काम बराफू गाठतात, आणि तेथे पुन्हा मरांगूचीच चूक होते.

लेमोशो पश्चिमेकडून येते, शिराचे विस्तीर्ण पठार ओलांडते आणि लाव्हा टॉवरच्या सुमारास मचामेला मिळते. पुढे दोन्ही वाटा एकच. म्हणजे आठव्या दिवसाचे पैसे आपण शेवटच्या चढासाठी देत नसून, त्याआधी ३,५०० ते ३,९०० मीटरच्या पट्ट्यात काढलेल्या जादा रात्रीसाठी देत आहात. चौघांचे वय आणि समुद्रकाठचे राहणे लक्षात घेता मी लेमोशोच सुचवेन. दर परवडत नसेल तर सात दिवसांचा मचामे. राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क दिवसांवर आकारले जाते, त्यामुळे दर वाढणे स्वाभाविक आहे. एखादी कंपनी आठ दिवस फारच स्वस्तात देत असेल, तर हमालांची मजुरी, जेवण आणि पाठीवरचे ओझे यांची खोदून चौकशी करावी. ही चढाई त्यांच्या खांद्यांवर होते. त्यांचे पोट मारून आपले पैसे वाचू नयेत. उंब्वे ही उभी, झटपट वाट आणि दरडी कोसळण्याचा धोका असलेली वेस्टर्न ब्रीच, या दोन्ही आपण विचारातून वगळाव्यात.

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका, राहणार गिरगाव. चालण्याचा सराव भरपूर आहे, पण आठवडाभर तंबूत झोपणे मला जमणार नाही. मग किलिमांजारोचा नाद सोडावा का?

उत्तर : मुळीच नाही. निवाऱ्यांत, बिछान्यावर झोपण्याची सोय असलेली मरांगू ही एकमेव वाट आहे, आणि आपल्यासाठी तीच योग्य; मात्र होरोंबोला दोन रात्री काढणारा सहा दिवसांचा कार्यक्रम घ्यावा. त्याहून चांगला उपाय म्हणजे आधी जवळच्या अरुशा राष्ट्रीय उद्यानातील ४,५६६ मीटर उंचीचा मेरू पर्वत चार दिवसांत करावा. तेथेही मिरियाकांबा आणि सॅडल या ठिकाणी निवारे आहेत. सॅडलचा निवारा सुमारे ३,५७० मीटरवर आहे. वन्य प्राण्यांमुळे सोबत सशस्त्र वनरक्षक असतो. मेरूचे शिखर गाठलेच पाहिजे असे नाही. तेथील रात्री मरांगूवर उपयोगी पडतात. निघण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी. विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठी घेतात त्या असेटाझोलामाइडच्या गोळ्यांविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते त्यांना आवर्जून सांगावे.

प्रश्न : मुलांच्या मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुटीत जाता येईल का? (डोंबिवली)

उत्तर : आपल्या दोन्ही सुट्या नेमक्या तेथील पावसात येतात. मार्च ते मे हा मोठा पाऊस, नोव्हेंबरच्या आसपास लहान पाऊस. मे महिना टाळावा, हे उत्तम. दिवाळीतच जाणे भाग असेल तर उत्तरेकडून, केनियाच्या सीमेजवळून चढणारी रोंगाई वाट तुलनेने कोरडी असते. तीही सात दिवसांची घ्यावी आणि उतरताना मरांगूने यावे लागेल हे गृहीत धरावे. रजेची सोय होत असेल, तर गणपती आटोपून सप्टेंबरअखेर किंवा जानेवारी-फेब्रुवारीत जावे. सप्टेंबरची निवड केल्यास पावसाळाभर सह्याद्रीत पाठीवर सात-आठ किलो घेऊन ओल्या वाटांवर सराव होतो, आणि पावसाळी कपडे कुठे गळतात तेही मुंबई सोडण्यापूर्वीच कळते.