फॉल्स लिहिलं, तरी मेसेज गेले

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी तूर-सोयाबीन खरेदीचं वेब अ‍ॅप नोडमध्ये (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) बनवलं आहे. लॅपटॉपवर चाचणी घेताना सेटिंगच्या डॉट ईएनव्ही (.env) फाइलीत ‘एसएमएस चालू’च्या पुढे फॉल्स (false, म्हणजे ‘नाही’) लिहिलं होतं. तरीही ४० शेतकऱ्यांना ‘चुकारा जमा झाला’ असे मेसेज गेले. सकाळी लोक पासबुक घेऊन बँकेत पोचले. असं का झालं? लॅपटॉपची आणि सर्व्हरची सेटिंग वेगळी कशी ठेवू?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : डॉट ईएनव्हीतली प्रत्येक किंमत नोडला मजकूर म्हणून मिळते. तुमचं ‘फॉल्स’ त्याच्या लेखी नुसती पाच अक्षरं, आणि जावास्क्रिप्ट रिकामा नसलेला कुठलाही मजकूर खराच धरते. बहुधा तुमची अट ‘किंमत असेल तर पाठव’ एवढीच असावी. ती बदला : किंमत ‘ट्रू’ (true) या मजकुराशी तीन बरोबरच्या चिन्हांनी (===) तंतोतंत जुळली, तरच मेसेज जावा. मग ओळ राहून गेली किंवा स्पेलिंग चुकलं, तरी मेसेज बंदच राहतील.

पण शेतकऱ्यांचे खरे नंबर आणि एसएमएस सेवेची खरी ‘की’ (गुप्त चावी) लॅपटॉपवर असायलाच नको होती. तिथे वेगळा डेटाबेस ठेवा, त्याच्या नावातच ‘चाचणी’ असू द्या आणि प्रत्येक नोंदीत स्वतःचा मोबाइल नंबर भरा. चुकाऱ्याचा खोटा मेसेज गेला की पुढच्या खऱ्या मेसेजवरही कोणी भरवसा ठेवत नाही.

कोड दोन्हीकडे एकच हवा. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, एसएमएसची की, पोर्ट हे सगळं बाहेरून यावं. सर्व्हरवर सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) वापरत असाल तर या किमती एका फाइलीत लिहा, मालकी रूटची (मुख्य प्रशासकाची) आणि परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा, आणि सर्व्हिसच्या व्याख्येत ‘एन्व्हायर्नमेंटफाइल’च्या ओळीत तिचा पत्ता द्या. फाइल बदलली की सर्व्हिस रीस्टार्ट करावीच लागते. चालू प्रोसेस जुन्याच किमती धरून बसते. लॅपटॉपची डॉट ईएनव्ही सर्व्हरवर नेऊ नका. ही फाइल वाचणारं डॉटईएनव्ही पॅकेज आधीपासून असलेल्या किमतीवर आपली किंमत चढवत नाही, पण जी नसेल ती गुपचूप भरून टाकतं.

पासवर्डात # असेल तर डॉट ईएनव्हीत तो अवतरणचिन्हांत लिहा. नाहीतर # पासून पुढचं सगळं टिप्पणी समजून गाळलं जातं आणि ‘पासवर्ड चुकीचा’ हा एरर तासभर छळतो.

अ‍ॅप सुरू होताच आवश्यक नावांची यादी तपासा. एकही नाव नसेल तर ते छापून अ‍ॅप तिथेच थांबवा. काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना ते कळण्यापेक्षा हे बरं.

डॉट ईएनव्ही गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) गेली असेल तर नुसतं गिटइग्नोरमध्ये (वगळायच्या फाइलींची यादी) नाव टाकून ती निघत नाही. ‘गिट आरएम’ला ‘कॅश्ड’ हा पर्याय देऊन ती काढा, आणि तिच्या जागी नावं तेवढी असलेली नमुना फाइल ठेवा. जुन्या कमिटमध्ये (साठवलेल्या आधीच्या नोंदींत) ‘की’ तशीच राहते, म्हणून एसएमएस सेवेकडून आजच नवी की घ्या आणि जुनी रद्द करा.